वावर आणि शेत

अमरावतीहून नागपूरकडे निघालेली एस.टी. मोझरी आणि तिवसा मागे टाकते, वर्धा नदीचा पूल ओलांडते, आणि मग तळेगाव लागते. महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ. दाभाड्यांचे आहे, ढमढेऱ्यांचे आहे, नदीपलीकडच्या जिल्ह्यात दशासर आहे. म्हणून आष्टी तालुक्यातल्या या गावाच्या नावापुढे कंसात 'श्यामजी पंत' असे लिहिण्याची पद्धत पडली असावी. आजूबाजूला संत्र्यांचे बगिचे, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. महामार्गावर ट्रक थांबतात, चहा पितात आणि जातात. साहित्याचा विद्यार्थी या गावी मुद्दाम उतरावा असे येथे काही घडल्याचे निदान आम्हांस ठाऊक नाही. आम्ही मात्र उतरलो, आणि एकदा नव्हे, दोनदा उतरलो. त्या दोन उतरण्यांमध्ये आमच्या हातून जे झाले त्याची ही हकीकत आहे.

२०१३ सालच्या हिवाळ्यात एका संस्थेने (तिचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, तिचा हेतू चांगला होता आणि माणसेही चांगली होती) आम्हांस मूल्यमापक म्हणून बोलाविले. तळेगावच्या आसपासच्या काही प्राथमिक शाळांत संस्थेने वाचनपेट्या ठेवल्या होत्या. पत्र्याची निळी पेटी, आत शे-सव्वाशे पातळ पुस्तके, एक नोंदवही, आणि आठवड्यातून दोन तास मोकळे वाचन. दोन वर्षे हा उपक्रम चालला होता आणि तो पुढे चालवावा की नाही हे ठरवावयाचे होते. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवितो, तेव्हा वाचन म्हणजे काय ते आम्हांस कळत असणारच, असा संस्थेचा समज होता. तो आमचाही होता, हे कबूल केले पाहिजे.

आम्हांस एक छापील तक्ता देण्यात आला. मुलाने प्रथम चार वाक्यांचा परिच्छेद मोठ्याने वाचावयाचा. तीनपेक्षा अधिक शब्द चुकले तर त्याला सुट्या शब्दांच्या यादीवर आणावयाचे, तेथेही अडखळला तर अक्षरांवर. ज्या पायरीवर मूल टिकेल ती त्याची पातळी. ही पद्धत संस्थेची स्वतःची नव्हे. 'प्रथम' या संस्थेने २००५ साली 'असर' नावाची देशव्यापी पाहणी सुरू केली, तीत घरोघर जाऊन मुलांपुढे अशाच पायऱ्या ठेवतात, आणि त्या पाहणीने केलेले काम लहान नाही. तोवर शिक्षणाचे यश म्हणजे पटावरची नावे, बांधलेल्या खोल्या आणि वाटलेली पुस्तके. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता येतो, हे त्या साध्या कागदाने वर्षामागून वर्षे दाखविले, तेव्हा कोठे पटसंख्येच्या पलीकडे काही विचारावयाचे असते हे सरकारांच्या ध्यानी आले. मोजणे म्हणजे पाप असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. न मोजणाऱ्यांनी या देशातल्या मुलांची जितकी फसवणूक केली तितकी मोजणाऱ्यांनी खचित केलेली नाही.

तर त्या तक्त्यावर चौथीतली एक मुलगी आली. परिच्छेद असा होता, की रामू शेतात गेला, त्याच्या आईने भाकरी बांधून दिली, आणि पुढे काही बैल, पाऊस वगैरे. मुलीने कागद हातात धरला आणि सरळ, न थांबता वाचले : "रामू वावरात गेला. त्याच्या मायनं भाकर बांधून देली." आम्ही हातातल्या पेन्सिलीने एकेक शब्दावर फुली मारीत गेलो. शेतात, आईने, भाकरी, दिली. फुल्या चार झाल्या. परिच्छेद उत्तीर्ण नाही.

नियमाप्रमाणे तिच्यापुढे शब्दांची यादी ठेवली. यादीत 'शेत' होता. तिने 'शेत' वाचला. 'आई' होता, तोही बरोबर वाचला. आम्हांस गंमत वाटली. आम्ही विचारले, मग मघाशी वावर का म्हणालीस? ती जराशी बावरली, आणि आम्हीच काही तरी विसरलो असू अशा समजुतीच्या सुरात म्हणाली, "शेत म्हंजे वावरच न सर."

आम्ही हसलो. बाजूला उभ्या असलेल्या बाईही हसल्या. आणि आम्ही तिच्या नावापुढे 'शब्द स्तर' असे लिहिले.

तिच्यानंतर एक मुलगा आला. त्याने परिच्छेद पाठ केल्यासारखा खणखणीत वाचला, एकही चूक नाही. त्याच्या नावापुढे आम्ही 'परिच्छेद स्तर' लिहिले. मग, तक्त्यात तशी सोय नसतानाही, सहज विचारले, की भाकरी कोणी बांधून दिली रे? त्याने कागदाकडे पाहिले आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा वाचावयास सुरुवात केली.

असे त्या दोन दिवसांत अनेकदा झाले. सगळी मुले या दोन प्रकारची होती असे नव्हे. बरीचशी सरळ कच्ची होती, ती कोणत्याही मापाने कच्चीच ठरली असती, आणि उपक्रमाने त्यांच्यासाठी फारसे केले नव्हते हेही खरे. परंतु अहवालात जी बेरीज आली तीत ती मुलगी कच्च्यांत गेली आणि तो मुलगा पक्क्यांत. 'प्रगती अपेक्षेपेक्षा कमी' असे आम्ही लिहिले, खाली सही केली, मानधन घेतले. पुढच्या जूनमध्ये उपक्रम बंद झाल्याचे कळले. त्याला पैशाची व इतर कारणे असतील, ती आम्हांस माहीत नाहीत. आमचा अहवाल हे एक कारण होते हे मात्र माहीत आहे, कारण तसे आम्हांस पत्राने कळविण्यात आले होते, आणि त्यात आभारही मानले होते.

वाचनातल्या अशा चुकांकडे पाहण्याची एक जुनी विद्या आहे, आणि ती आम्ही त्या वेळी वाचलेली नव्हती असेही नाही. अमेरिकेत केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकात मुलांना मोठ्याने वाचावयास लावून त्यांच्या चुकांचा अभ्यास केला आणि असे प्रतिपादन केले, की काही चुका म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात डोकावण्याच्या खिडक्या असतात. छापलेल्या शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द येतो तेव्हा मूल अक्षरांपलीकडे जाऊन अर्थापाशी पोचलेले असते. गुडमन यांच्या सिद्धान्तावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती योग्यही होती. अक्षर न लागणारे मूल चित्रावरून वा संदर्भावरून अंदाज मारीत असते, त्या अंदाजालाच वाचन समजून शिकविले तर मुलाचे नुकसान होते, हे आता बहुतेक मान्य झाले आहे. मग आमची मुलगीही अंदाजच मारीत नसेल कशावरून? याचे उत्तर आमच्याच तक्त्यात होते. यादीत तिने 'शेत' अचूक वाचला होता. अक्षर तिला लागत होते. सुटा शब्द समोर आला तेव्हा तिने अक्षरे वाचली, वाक्य समोर आले तेव्हा तिने वाक्य वाचले, आणि ते आपल्या घरच्या भाषेत आम्हांस सांगितले. ज्याला आपण एम.ए.च्या वर्गात भाषांतर म्हणतो आणि ज्यावर प्रश्नपत्रिकेत वीस गुणांचा प्रश्न घालतो, ते तिने उभ्याउभ्या केले होते. त्याच्या आम्ही चार चुका मोजल्या.

यात आम्हांस अधिक लागलेली गोष्ट दुसरीच आहे. त्याच वर्षी आम्ही वर्गात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' शिकवीत होतो. १९५५ सालची ही कादंबरी वाचकांस परिचित आहेच : माणदेशातली धनगरांची वाडी, एकशिक्षकी शाळेवर आलेला तरुण मास्तर, हळूहळू जुळणारी माणसे, सगळ्यांच्या श्रमांतून उभी राहिलेली तालीम, आणि अखेरीस दुष्काळाने उठून गेलेली वाडी. आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना विचारीत असू, की मास्तर यशस्वी झाला की नाही? एखादा हुशार विद्यार्थी म्हणे, की शाळेत मूल उरले नाही तेव्हा शाळा अयशस्वी. मग आम्ही उत्साहाने त्याची समजूत काढीत असू, की खात्याचा तपासनीस तसे म्हणेल, वाचकाने तसे म्हणून चालणार नाही. हजेरीपटाच्या रकान्यात न मावणारे जे या वाडीत घडले तेच तर कादंबरीने टिपले आहे, इत्यादी. हे सगळे आम्ही सोमवारी बोललो असू आणि गुरुवारी तळेगावला जाऊन फुल्या मारल्या असू. तारखा आता नीट आठवत नाहीत, पण हिशेब साधारण असाच जुळतो.

तपासनिसाची ही जात जुनी आहे. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतल्या निकालाला बांधून टाकले. मूल वाचन, लेखन, गणितात उतरले तर पैसे, नाही तर नाही. मॅथ्यू आर्नल्ड या वेळी शाळा-तपासनीस होते. आपण त्यांना कवी आणि समीक्षक म्हणून शिकवितो, परंतु १८५१ पासून १८८६ पर्यंत त्यांचे पोट या नोकरीवर चालले. त्यांनी आपल्याच खात्याच्या या योजनेवर लेख लिहून उघड टीका केली, आणि पुढे आपल्या अहवालांतून दाखवून दिले, की एकच क्रमिक पुस्तक वर्षभर घोकून घेतले म्हणजे ज्याला खऱ्या अर्थाने वाचता येत नाही असे मूलही वाचनाच्या परीक्षेत उतरू शकते. निकालावर अनुदान देण्याची ही रीत मुंबई इलाख्यातही आली. आमचा तो खणखणीत मुलगा त्या परंपरेतला आहे, आणि त्यात त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

मापाचा प्रश्न जोतीराव फुल्यांनी वेगळ्या बाजूने उपस्थित केला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी विचारले ते थोडक्यात असे, की सरकारचा महसूल रयतेच्या श्रमांतून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हा कोठला न्याय? शाळा-कॉलेजांतून किती पदवीधर निघाले हे यशाचे माप ज्यांनी ठरविले, त्यांनी ते कोणाच्या वतीने ठरविले, हा त्या निवेदनाच्या पोटातला प्रश्न आहे. खेड्यातल्या शाळेत शेतीचे व आरोग्याचे ज्ञान द्यावे अशी त्यांची मागणी होती.

आणि मग वर्धा. ज्या जिल्ह्यात आम्ही पेन्सिल घेऊन हिंडत होतो त्याच जिल्ह्याच्या गावी २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण-परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्याच डिसेंबरात तिचा अहवाल तयार झाला. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला हे त्या समितीत होते. हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण हे तिचे सूत्र. साडेपाच तासांच्या शाळेपैकी तीन तास वीस मिनिटे उद्योगाला आणि मातृभाषेला चाळीस मिनिटे, असे वेळापत्रकच अहवालात दिलेले आहे. साक्षरता हे शिक्षणाचे साध्यही नव्हे आणि आरंभही नव्हे, अशी गांधींची भूमिका. मग साध्य कोणते आणि ते साधले हे ओळखावयाचे कशाने? गांधींनी एक माप दिले : स्वावलंबन. मुलांच्या कामातून शाळेचा, निदान शिक्षकाचा खर्च निघाला तर शिक्षण खरे उतरले. प्रा. के. टी. शहांनी यावर आक्षेप घेतले. ते समितीचे सदस्यही होते. परंतु आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो खुद्द अहवालातलाच इशारा. योजना राबविताना आर्थिक बाजूवर भर पडून सांस्कृतिक व शैक्षणिक हेतूंचा बळी जाण्याचा धोका उघड आहे, आणि शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागू शकतील, असे समितीने स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्याच मापाचे भय इतक्या स्पष्टपणे नोंदविणारा सरकारी-बिनसरकारी अहवाल आम्ही क्वचितच वाचला असेल.

भय खोटे ठरले नाही. सूत मोजता येते. किती तार, कोणत्या अंकाचे, किती वेळात, हे वहीत मांडता येते. टकळी फिरविताना मुलाला कापसाचा भूगोल, मजुरीचे गणित आणि शेजाऱ्याचे श्रम समजले की नाही, हे मांडता येत नाही. म्हणजे येते, पण त्यासाठी त्या मुलाशेजारी बसावे लागते. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् तसे बसले. दूरच्या प्रांतांतल्या हजारो बुनियादी शाळांत बसावयाला कोण होते? तेथे टकळी उरली. १९५६ साली जी. रामचंद्रन यांच्या समितीने अनेक राज्यांतल्या बुनियादी शिक्षणाची पाहणी केली, तेव्हा हाती आलेले चित्र समाधानकारक नव्हते. सेवाग्रामची शाळाही पुढे बंद पडली. २००५ साली 'आनंद निकेतन' या नावाने ती पुन्हा सुरू झाली.

आम्ही हे वाचीत होतो तेव्हा, २०२१ साली, केंद्र सरकारने 'निपुण भारत' हे अभियान जाहीर केले. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थ समजून वाचावेत असे त्यात लक्ष्य आहे. 'अर्थ समजून' हे शब्द तेथे आहेत, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातही 'सांस्कृतिक हेतू' हे शब्द होतेच. पूर्वी तासाला किती तार, आता मिनिटाला किती शब्द. घड्याळ लावता येते त्या भागाला घड्याळ लावले जाते, आणि उरलेला भाग वाक्यात विशेषण म्हणून राहतो.

यावर कोणी म्हणेल, की मग आकडे टाका आणि वर्णन लिहा. तेही आपल्या राज्याने करून पाहिले आहे. शिक्षणहक्क कायद्यानंतर २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने वर्णनात्मक नोंदी करावयाच्या. मूल काय करते, कशात रमते, कोठे अडते. कल्पना उत्तम होती. थोड्याच काळात बाजारात तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका मिळू लागल्या. 'परिसरातील घटकांविषयी कुतूहल व्यक्त करतो', 'कवितेचे तालासुरात गायन करते', अशा थाटाची वाक्ये, विषयवार आणि इयत्तावार. चाळीस-पन्नास मुले आणि दहा रजिस्टरे सांभाळणाऱ्या शिक्षकाने ती उतरवून काढली तर त्याला हसण्याचा अधिकार निदान आम्हांस नाही. दोष शब्दांचा की आकड्यांचा, हा वादच आम्हांस फोल वाटू लागला आहे. त्या मुलीला आम्ही 'का म्हणालीस' असे विचारले होते आणि तिने उत्तरही दिले होते. मूल्यमापन तेवढ्या अर्ध्या मिनिटात पूर्ण झाले होते. तक्त्यात त्या उत्तरासाठी जागा नव्हती हे खरे. पण कागदाला समास असतो. परीक्षक म्हणून आम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिकांच्या समासात लिहीत आलो. तेथे लिहिले नाही, कारण लिहिले असते तर बेरीज बिघडली असती.

२०२२ साली घर आवरताना त्या तक्त्यांच्या झेरॉक्स प्रती सापडल्या आणि हे सगळे पुन्हा वर आले. नावाशेजारच्या त्या चार फुल्या पाहिल्यावर आम्ही एका सकाळी अमरावतीहून निघून तळेगावला उतरलो, तेथून पुढे ऑटोने त्या शाळेत गेलो. काय करावयास, हे आम्हांस नीट सांगता आले नसते. तेव्हाच्या बाईंची केव्हाच बदली झाली होती. नवे गुरुजी तरुण होते; त्यांनी चहा मागविला. ती मुलगी आता विशीच्या उंबरठ्यावर असणार. तिची चौकशी करण्याचा धीर आम्हांस झाला नाही, आणि करूनही काय सिद्ध झाले असते? ती कॉलेजात असती तर उपक्रम यशस्वी आणि पऱ्हाटी वेचावयास जात असती तर अयशस्वी, असे म्हणणारे आम्ही कोण?

निळी पेटी मात्र होती. खडू, झेंड्याची दोरी आणि फुटबॉलचा पंप तिच्यात ठेवलेला. तळाशी पंधरा-वीस पुस्तके आणि ती नोंदवही. वहीत बाईंच्या अक्षरात मुलाचे नाव, पुस्तकाचे नाव, नेल्याची तारीख. परत केल्याचा रकाना पानेच्या पाने रिकामा. २०१३ मध्ये हाही आमच्या अहवालातला एक मुद्दा होता : 'पुस्तके गहाळ होण्याचे प्रमाण चिंताजनक.' आता पुन्हा पाहताना वाटले, की जे पुस्तक घरी गेले आणि परत आले नाही, त्याचे तिकडे काय झाले असेल? धाकट्या भावाने फाडले असेल, चुलीत गेले असेल, कपाटावर असेल, कोणी अजून वाचीतही असेल. वही यावर काही सांगत नव्हती, आणि आमच्या मनाला बरे वाटावे म्हणून तिच्याकडून काही वदवून घेणे हीही लबाडीच झाली असती.

गुरुजींनी आम्ही वही चाळीत असल्याचे पाहून विचारले, "सर, तुम्ही त्या संस्थेचे का? नाही म्हणजे, हे साहित्य आमच्या साठा नोंदवहीत लावलेलं आहे. पुस्तकं तर दिसत नाहीत. निर्लेखित करून टाकलं तर चालेल का?"

आम्ही त्या संस्थेचे नव्हतो, आणि बहुधा कधीच नव्हतो. तसे त्यांना सांगितले. ते म्हणाले, "मग राहू द्या," आणि पंप परत पेटीत ठेवून त्यांनी झाकण लावले.